पंचवीस वाव

पहाटे साडेतीनला वेसाव्याच्या धक्क्यावरून निघालो :
सात जण, सात दुर्बिणी,
आणि पोशा नाखवा, ज्याला दुर्बीण लागत नाही.
बर्फाच्या खणात आज आमचे डबे.
मागे बादलीत ज्वारीच्या लाह्या,
मुशीच्या तेलात रात्रभर भिजवलेल्या.
फिरोजाबाई दस्तूर, वय एकाहत्तर,
उघड्या हातांनी त्या मुठीमुठीने समुद्राला वाढतात.

पाणी आधी चहासारखं, मग शेवाळी,
मग एकाएकी इतकं निळं
की आमची बोलणी थांबली.
मागे मुंबई बोटाच्या पेराएवढी,
मग पेरावरच्या रेषेएवढी,
मग नुसता तपकिरी संशय.

यंत्रावरचा आकडा मीटरमध्ये.
नाखवा त्याकडे न बघता म्हणाला,
"पंचवीस वाव. आता येतील तुमची."

आधी थर्माकोलच्या तुकड्यावर तीन सुरया,
बस चुकलेल्या माणसांसारख्या एकाच दिशेला तोंड करून.
मग तो जाडजूड, मळकट,
एका सुरयीच्या पाठी लागला
आणि तिने गिळलेलं ओकेपर्यंत हटला नाही.
"हप्तेवाला," नाखवा म्हणाला.
वहीत आम्ही लिहिलं : स्कुआ, एक.

तेवढ्यात माझ्याही पोटाने हप्ता दिला.
मी कठड्यावर ओणवा,
आणि पाठीमागे एकच ओरडा :
वादळपाखरू! डावीकडे! अगदी पाण्याला लागून!

अकरा वर्षं.

डोकं वर काढलं तेव्हा ते गेलं होतं.
तेलाच्या गुळगुळीत तवंगावर
एकामागे एक सात-आठ वर्तुळं,
पाऊस नसताना पडलेली,
जसा कुणी घाईत घातलेला धावदोरा,
बघता बघता उसवत गेलेला.

परतताना फिरोजाबाईंनी वही उघडली.
सहा नावांपुढे खूण झाली.
पेन्सिल माझ्यापाशी थांबली.
"पग तरी जोया के?"
"पाय नाही. पायांनंतरचं पाणी."
त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ विचार केला.
"एने माटे रकाना नाही, डीकरा."

धक्क्यावर नाखवीण टोपली घेऊन उभी.
"काय गावला?"
"पाखरां."
तिने रिकाम्या खणात वाकून पाहिलं.
"नि डिझल कोन देनार?"
नाखव्याने माझ्याकडे बोट केलं.

रात्री दोनदा साबण लावूनही
हातांना मुशीचा वास.
दिवा मालवला.
पलंगाखाली अजून पंचवीस वाव.