तारप्याला पाठ नाही

उतारावरचं भात झोडून झालं.
खळ्याच्या मधोमध रास,
राशीवर काकडी, अंडं, शेंदराचं बोट.
"कणसरी बसली," भगत म्हणाला, "हळू बोला."

जेठ्याचा तारपा आढ्याला टांगलेला.
भोपळ्याला मेण नवं, फुंकणारा मात्र
ओख्याच्या बोटीवर जाळी ओढतोय.

मग त्याची चैती उठली, सातव्या महिन्यातली.
पहिल्या फुंकरीला म्हैस रेकली,
पाडा हसला.
दुसऱ्यांदा सूर सरळ आला
आणि काठी आपटली.

कमरांत हात, डावीकडे पाय.
बाईनं तारपा धरू नये म्हणणारी मनकी
फेऱ्यात शिरली, शेवटून तिसरी,
तोंड आत.
तारप्याला पाठ दाखवत नाहीत.

पहाटे डहाणूकडून खारा वारा आला,
वारवायला पुरेल एवढा.
चैती मेढीला टेकून झोपलेली,
तारपा मांडीवर,
मेण अजून कोमट.