परत आलेलं चाक

मंगळवारी टेम्पोतून चाक परत आलं,
शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये, गोणपाटात गुंडाळून.
सुतळीत खोचलेली चिठ्ठी :
'थरथरतंय. बघून घ्या.'

बाबालाल मुल्लाणींनी चष्मा कपाळावर ढकलला.
जवळचं बघताना ते चष्मा काढतात,
लांबचं बघायचं त्यांना फारसं कारण पडत नाही.
सतरा पात्यांवरून अंगठा फिरवला,
तालमीतला वस्ताद पोराच्या पाठीवरून फिरवतो तसा.
"आपलंच हाय. सातव्या पात्याच्या मुळाशी माझी खूण."

तीन वर्षं ते खताच्या कारखान्यात होतं, दूर समुद्राकाठी.
आम्ही कुणी पाहिलेला नाही तो कारखाना.
एवढंच ठाऊक, की तिथं हवा दाबतात,
त्या हवेतून पुढं कधीतरी युरिया होतो,
आणि एखादं पोतं फिरत फिरत
आमच्याच उसाला येतं.

मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं,
"चाचा, ना पिस्टन, ना दट्ट्या,
एवढंसं चाक हवा दाबतं कसं?"
त्यांनी डब्यातली भाकरी बाजूला ठेवली.
"दाबत न्हाई गं. फेकतंय.
ह्यो मधला डोळा. ह्यातनं हवा आत येती,
पात्यात घावली की गरागरा फिरती,
काठावरनं भिरकावली जाती.
गोफणीतला दगड बघितलाईस न्हवं?
आता ती सुसाट सुटलीया. तिला रुंद वाटंला लावायची.
वाट रुंदावली की चाल मंदावती,
वेग गमावती तेवढा दाब कमावती."
मग तुकडा मोडत,
"माणसाचं बी तसंच, म्हणतील लोक.
मी म्हणत न्हाई. हवेचं हवेपाशी."

माझं काम तोलायचं.
चाक फिरवायचं, काटा कुठं हलतो ते बघायचं,
जिथं जड तिथं ग्राइंडरनं चाटून काढायचं.
काठावर एक ग्रॅम जादा राहिला,
चिमूटभर साखर,
तर मिनिटाला बारा हजार फेऱ्यांत तो बत्तीस किलोचा होऊन
शाफ्टला ओढत राहतो, रात्रंदिवस.
घरी मी पोह्यांत मीठ कधी मोजून घातलं नाही.
इथं ग्रॅमचा दहावा हिस्सा माझ्या झोपेत येतो.

म्हणून चिठ्ठी वाचल्यापासून घशाला कोरड.
तीन वर्षांमागच्या कागदावर सही माझी.

चाचांनी चाक उलटं केलं.
मागच्या तबकडीवर निळसर वर्तुळ, घासून तापल्याचं.
"तुझी चूक न्हाई.
पुढं मागणी कमी झाली, ह्यांनी वाट आवळली.
अशा टायमाला थोडी हवा माघारी आणून
डोळ्याच्या तोंडाशी द्यायची असती. त्याला झडप असती.
कुणीतरी ती बंद ठिवली. वीज वाचवाय.
मग पुढं साठलेली हवा उलटी फिरली, समदी, एकदम.
चाक तिकडं फेकतंय, हवा इकडं येतीया,
मधी शाफ्ट मागं-पुढं आपटतोय."
"आवाज होतो?"
"एकदाच ऐकलाय."
आणि त्यांनी तोंडानं जे करून दाखवलं
त्यानं कोपऱ्यातलं मांजर उठून बाहेर गेलं.

दुपारी हायवेच्या कडेला चहा प्यायला थांबले.
उसाचा ट्रक चढ चढत होता, टर्बोची बारीक शीळ घालत.
आत मुठीएवढं असलंच एक चाक, धुराच्या जोरावर फिरणारं.
दवाखान्याच्या गच्चीवर थंडाव्याच्या यंत्रात एक,
वाळवंटातल्या गॅसच्या नळाला दर काही कोसांवर एक,
हवेतून प्राणवायू वेगळा काढतात तिथं एक.
सगळी आपापल्या डोळ्यानं ओढतात,
आणि बघत काहीच नाहीत.

संध्याकाळी काटा स्थिरावला.
चाचांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं,
'चाक नीट केलं आहे. झडप उघडी ठेवणे.'
खाली सही. मग जरा थांबून पेन माझ्याकडं दिलं.