ठोकताळा

मी काट्यावर काम करतो. धान्याचा काटा,
सस्कॅचेवनच्या सपाटीवर, जिथे रस्त्याला वळायलाही कारण लागतं.
भरलेला ट्रक येतो, मी आकडा लिहितो.
तो रिकामा होऊन परततो, मी पुन्हा लिहितो.
वजाबाकी म्हणजे गहू.
तेवीस वर्षं हेच गणित.

मग फेब्रुवारीत रोक्सानानं टेबलावर दोन पत्रं ठेवली
आणि माझा ताळा जुळेना.

पहिलं पूर्वेकडच्या मोठ्या शहरातलं.
वर्षाला एकतीस हजार; खोली, जेवण, काठ्या धरून.
काठ्या! एकेक जोडी माझ्या बुटांइतकी महाग.
दुसरं इथून तीन तासांवरचं, फी निम्मी माफ,
आणि वाद्यांच्या कोठीत आठवड्याला दहा तास काम.

मेलानियानं कॅल्क्युलेटर काढला.
चार वर्षं. कर्ज. व्याज.
समोरचा रकाना मिळकतीचा.
तो बराच वेळ कोराच राहिला.

पोरीनं चौकशी केली होती, लपवलं काहीच नाही.
जवळच्या वाद्यवृंदात टिंपानीची जागा एकच,
तिच्यावरचा माणूस एकावन्न वर्षांचा, तब्येतीनं ठणठणीत.
"ठणठणीत" तिनं असं म्हटलं
की आम्ही तिघंही हसलो, मग तिघांनाही लाज वाटली.

मागच्या तुकडीतला एक लष्करी बँडमध्ये, पेन्शनसकट.
दोघी शाळेत शिकवतात, शनिवारी लग्नात वाजवतात.
एक क्रूझवर; जहाज बदललं की नोकरी बदलते.
एक जण छपरं घालतो.
"शेवटी हातोडीच ना," मी म्हणालो.
या वेळी ती हसली नाही.

मी डिसेंबरात तिला पाहिलं होतं, शहरातल्या सभागृहात.
एकशे चाळीस मात्रा नुसती उभी, ओठ हलताहेत,
सगळे वाजवताहेत आणि माझी मुलगी मोजतेय.
मग एकदाच झांज.
त्या एका टोल्याचे किती देतात, मी विचारलं.
म्हणाली, "बाबा, पैसे मोजण्याचे असतात.
टोला फुकट."

त्या रात्री झोप नव्हती. कोठारांकडे गेलो.
बर्फ कडक, चंद्र पत्र्यावर.
सात वर्षांची असताना ती इथे खडे मारायची,
एकेक हात वर, आणखी वर:
बद्द, बद्द, बद्द,
आणि धान्य संपतं तिथे पत्रा बोलतो.
"अकरावी पायरी," ती खालून ओरडली.
मी शिडी चढून झाकण उघडलं. अकरावी.
हे मला माझ्या बापानं शिकवलं,
फी नव्हती. पदवीही नव्हती.
तिला मात्र मी शिकवलं नव्हतं.

एप्रिल संपताना तिनं उत्तर पाठवून दिलं,
आम्हाला न विचारता. तीन तासांवरचं.
मी सुटलो, आणि सुटल्याचीच शरम वाटली.
तिला हवं ते तिनं निवडलं
की आम्हाला झेपेल ते?
विचारायचं दोनदा ओठांवर आलं. मेलानिया
मॅलेटच्या डोक्यांना लोकर गुंडाळत बसली होती,
घट्ट, वर न बघता.

सप्टेंबरात पिकअप भरली.
गादी, खोकी, जुना विकत घेतलेला मारिंबा सुटा करून.
निघताना मी गाडी काट्यावर घेतली.
"काय करताय?" रोक्साना म्हणाली.
काही नाही, मी म्हणालो, सवय.

रात्री एकटा परतलो.
कुणी नव्हतं. पुन्हा काट्यावर चढवली,
आत जाऊन दिवा लावला, आकडा पाहिला.
पेट्रोल वजा धरलं, अंदाजानं.
निव्वळ दोनशे साठ किलो.
आमचा काटा वीस किलोंच्या पटीतच बोलतो,
म्हणजे दहा इकडे, दहा तिकडे.

चिठ्ठीवर मालाचं नाव लिहायची एक ओळ असते.
गहू, जव, मोहरी.
पेन धरून बराच वेळ उभा होतो,
बोटं टेबलावर आपोआप वाजत होती.