तूज

फत्तेगंजच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर,
मी माणसं जुळवते.
एका जुळणीचे साडेतीन रुपये.

आज समोर तीन खाती.
आर. व्ही. जगताप, बरोडा:
टाय, पंप आणि व्हॉल्व्हचा सोळा वर्षांचा अनुभव.
रणधीरभाई, वडोदरा:
पतंग, शेअरच्या टिपा, रोज सकाळी जय माताजी.
रंध्या, बडोदं:
चेहऱ्याच्या जागी एक बंद पडलेली स्कूटर.

मशीन म्हणतं, एकतीस टक्के. गावंच वेगळी आहेत.
त्याला कसं सांगू,
इथे गावाचीच तीन खाती आहेत
आणि पासवर्ड आम्हालाही आठवत नाही.

मागे मागे सरकत जाते.
मार्चमध्ये जगताप तेरा दिवस रजेवर, ‘वैयक्तिक कारण’.
त्याच दिवसांत रणधीरभाईची एकही टिप नाही,
खाली लोक विचारतायत, भाई, क्यां खोवाई गया?
आणि रंध्यानं लिहिलंय, एकच ओळ:
‘आई, आता तूज सांग, किल्ली कुठे ठेवलीस.’

तूज.
हा ज मी ओळखते.
माझ्याही तोंडातून निसटतो,
पुण्याची मावशी हसते, अगदी गुजरातीण झालीस गं.
मी हसत नाही. मला तो निसटल्यावरज कळतो.

लंचच्या आधी फाइल द्यायची आहे.
‘एकच व्यक्ती’वर खूण केली.
पुराव्याच्या रकान्यात टाइप केलं: तूज.

खाली लाल रेघ आली,
आणि मी बघत असतानाच
मशीननं ते दुरुस्त करून टाकलं:
तूच.