चाळणीत उरलेलं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात
अथणीपलीकडच्या माळावर
सकाळी साडेसातलाच दगड तापायला लागतात.
मी वाकून शोधते.
साहेब विष्ठा म्हणतात, मी लेंडकं:
लांडग्याची, पांढरी पडलेली, केसाळ,
पीळ दिलेल्या सुतळीसारखी.

पिशवीवर तारीख, जागा, माझी सही.
मग परसात, जुन्या चाळणीत घेऊन
नळाखाली धरायचं.
सासूबाई विचारतात, ह्याचा पगार देत्यात व्हय?
देतात. वेळेवर नाही.

पाणी निवळलं की कळतं
उन्हाळा काय खाऊन काढतोय तो.

सशाचे केस. खूप.
उंदराचा दात, कणीएवढा.
भुंगेऱ्यांची टरफलं, हिरवी, झगमगीत,
कुणाच्या टिकल्या सांडल्यागत.
कृष्णेच्या कोरड्या पात्रातल्या मळ्यांतून
कलिंगडाच्या बिया. तहान लागली असणार,
नदी तेव्हा घोट्याइतकीही नसते.
कोंबडीची पिसं, पोल्ट्रीमागच्या खड्ड्यातली.
एकदा दुधाच्या पिशवीचा कोपरा,
त्यावर अर्धं कन्नड अक्षर.
काळविटाचा केस एकदाच मिळाला.
साहेबांनी तो वेगळ्या बाटलीत ठेवला,
सोन्याची अंगठी ठेवावी तसा.

परवा लाल लोकरीचा धागा निघाला.
तीनपदरी. गाठ तशीच.

हालाप्पाच्या तळावर गेले.
मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकं खुपसून
सावली करून घेत होती.
धागा त्याच्या तळहातावर ठेवला.
बराच वेळ बघत राहिला.
"पाडव्याला बांधलेला. कानावर काळा ठिपका हुता तिच्या.
तोळानं नेली."

अर्ज का नाही केलास?

"फोटो पायजे म्हणत्यात. डॉक्टर पायजे, पंचनामा पायजे,
आणि मेलेलं कोकरू पायजे.
ते त्यानं ठेवलंय कुठं?"
हसला. काठीनं ओढ्याकडं दाखवत म्हणाला,
"तिकडं कपारीत चार पिल्लं हायती.
पाच हुती की."

म्हणजे मोजत होता तोही,
माझ्याही आधीपासून.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
मेंढीच्या रकान्यात: एक.
सशाच्या रकान्यात: एकोणीस.
धाग्यासाठी रकाना नव्हता.

चाळणीच्या कडीला बांधून टाकलाय.
रोज भिजतो, रोज वाळतो,
रंग सोडत नाही अजून.