वाट पाहणाऱ्यांची यादी

पहाटे चार बेचाळीस. वेस्टलँडचं लिलावघर,
मातृदिनाआधीचा शुक्रवार.
पिओनीच्या ट्रॉल्या दारापर्यंत तुंबल्यात
आणि पापणी लवायच्या आत होणारी नोंद
चाळीस सेकंद घेतेय.

योस्ट म्हणतो, डिस्क गेली.
डिस्क निवांत आहे, योस्ट.
प्रोसेसर बारा टक्क्यांवर पेंगतोय.
मग कनेक्शनं वाढव, शंभराची तीनशे कर.
दार रुंद केलं की रांग रुंद होते, एवढंच.
हे मी बोलत नाही;
त्याच्या दोन्ही कानांना फोन आहेत.

आजोबा बांधावर रात्रीची गस्त घालायचे.
म्हणायचे, ओल शोधायची तर
कोरड्या बाजूनं चाल, यिक्के.
पाणी कुठं मुरतंय हे
समुद्राकडे बघून कळत नाही.

म्हणून मी धावणाऱ्यांना सोडते,
थांबलेल्यांना विचारते: तू कुणासाठी?
८८१ म्हणतो, ८६०साठी.
८६० म्हणतो, ७१२.
गुलाबवाल्यांना याचं सोयरसुतक नाही,
पण शंभरच्या शंभर खुर्च्या
एकाच उत्पादकाच्या पिओनीनं अडवल्यात,
गुलाब उभे बाहेर.
७१२ म्हणतो, ४०७.

४०७ कुणासाठीच थांबलेला नाही.
काही करतही नाही.
व्यवहार उघडून बसलाय एकोणपन्नास मिनिटं,
ना हो, ना नाही.

विब्रेनचं टर्मिनल. खुर्ची रिकामी,
पाठीवर जाकीट.
एक ओळ बदललेली, कायम न केलेली:
‘होख्लांड आणि मुलगा’
यातले शेवटचे दोन शब्द काढलेले.

मी ४०७ तोडला.
सत्त्याण्णव, साठ, अकरा.
घड्याळाचा काटा पुन्हा फिरू लागला,
कुणीतरी शिट्टी वाजवली,
आणि त्या दिवशीच्या प्रत्येक जुडीवर
जुनंच नाव छापलं गेलं.

विब्रेन सव्वापाचला आला, शीतघराकडून.
झालं का ते, म्हणाला.
नाही. परत करावं लागेल.
लिलाव संपल्यावर कर.
त्यानं मान हलवली, जाकीट घातलं,
बाहीत हात सापडेना त्याला.

संध्याकाळी मी नियम लिहिला:
व्यवहार उघडून जो पाच मिनिटं गप्प बसेल
त्याला बाहेर काढावं.
वाचला.
पाच खोडून दहा केली.