चौदा विभक्ती

रिम्मा सावेल्येव्हनाच्या थर्मासमध्ये चहा नसतो,
हे तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे.
नववी 'ब'ला तर नक्कीच.
मुलं एवढंच म्हणतात,
बाईंच्या तोंडाला आज पुदिन्याचा वास जास्त येतोय.

डिसेंबरात नार्वाला नऊपर्यंत उजाडत नाही.
ट्यूबलाइटखाली ती त्रिकोण काढते.
हात कापतो, रेघ कापत नाही,
एकतीस वर्षांची रेघ आहे ती.
अडतो तो शब्द.
'लंब'ला एस्टोनियनमध्ये कुठला प्रत्यय लागतो
हे तिला भर वर्गात शोधावं लागतं,
आणि समोरची मुलं,
घरी आईशी रशियनमध्ये भांडून आलेली,
वहीत मान घालून हळूच प्रत्यय सरकवतात,
बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तशी,
त्याच्याकडे न बघता.

भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली.
दुसऱ्यांदा चार गुणांनी.
चार गुण म्हणजे काय ते तिला कोण सांगणार,
तिने स्वतः किती जणांना दिलेत, चोरून, दयेने.
आता मार्चपर्यंत मुदत.
तोवर एकशे बारा वह्या,
प्रत्येक पाठाचं टाचण दोन भाषांत,
आणि रात्री अकराला फोनवर पालक:
माझ्या मार्कला तीन का?
मग एक पेला झोपेसाठी.
दुसरा, तीन वाजता जाग येते तिच्यासाठी.
थर्मासमधला तिसरा मोजायचा नसतो,
तो कामाचा भाग आहे.

माझा वर्ग भिंतीपलीकडे. भौतिकशास्त्र.
तिच्याकडचा गोंगाट मला चालतो,
शांतता झाली की मी खडू खाली ठेवतो.
एका मंगळवारी खुर्ची पडल्याचा आवाज आला.
मी गेलो. मुलांना म्हणालो, पान चौसष्ट.
मुख्याध्यापिकेला म्हणालो, रक्तदाब.
त्या सत्रात मी तिला किती आजार दिले!
अर्धशिशी, मूतखडा,
प्स्कोव्हला सख्ख्या बहिणीचं दफन.
नववर्षाला त्या बहिणीचा शाळेत फोन आला,
रिम्मा आहे का?
फोन मीच उचलला, नशीब.
सगळी सोंगं आणता येतात म्हणतात,
शुद्धीचं आणता येत नाही.
पण शेजारी सज्जन असला
की बराच काळ निभतं.

फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत
ती मागच्या जिन्यावर बसलेली असायची, कोट पांघरून.
पुस्तक माझ्या हातात द्यायची: विचार.
चौदा विभक्ती.
घर, घराचं, घरात, घरातून, घरावर,
घरापर्यंत,
मध्ये कुठेतरी नदी दिसायची जाळीतून,
गोठलेली, पलीकडे दुसरा देश, दुसरा किल्ला,
तिच्या आईचं थडगं तिकडे.
बारावीपर्यंत ती झरझर यायची.
तेराव्या विभक्तीचा अर्थ 'विना'.
तिथे दर वेळी थांबायची.
"हीच का राहत नाही हो डोक्यात?"
मी म्हणायचो, सोपी आहे, नुसता प्रत्यय लावायचा.
मला सगळंच सोपं वाटायचं, पुस्तक माझ्या हातात होतं ना.

परवा मात्र तिने न अडखळता म्हटलं.
शाळेविना. प्रकाशाविना. झोपेविना.
मग थर्मास उघडला,
झाकणात ओतून माझ्यापुढे धरला.
पाचवा तास माझा होता, दहावी, प्रकाशाचं अपवर्तन.
तरी मी घेतलं.
नको म्हणायला तोंड उघडलं होतं,
त्याच तोंडाने.

चहा होता.
पुदिन्याचा, कोमट, साखर विसरलेला.
"नऊ दिवस," ती म्हणाली,
एवढंच, आणि नदीकडे बघत राहिली.

मी अभिनंदन म्हणालो. म्हणालो असेन.
मला आठवतं ते जिभेवरचं,
एखादी पायरी आहे समजून पाऊल टाकावं
आणि नसावी, तसं.
झाकण परत दिलं.
घड्याळात पाहिलं.
घरी जायला
अजून पावणेचार तास होते.